लपवलेला रिसीव्हर त्याच्या गळतीवरून सापडतो का? परीक्षा केंद्रासाठी सविस्तर उत्तर

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका संस्थेच्या केंद्रसंचालकांनी विचारलं आहे : "आमच्या इमारतीत भरती परीक्षेचं केंद्र आलंय. कानात घालायचे बारीक रिसीव्हर वापरून कॉपी होते असं सगळीकडे ऐकतो. परवा एक विक्रेता येऊन गेला. त्याचं म्हणणं, त्याचं हातात धरायचं यंत्र नुसता ऐकणारा, काहीच न पाठवणारा रिसीव्हरसुद्धा तीस मीटरवरून पकडतं. जो काही पाठवतच नाही तो पकडला जाईल कसा? आणि हे यंत्र संस्थेने घ्यावं का?"

सर, यात दोन प्रश्न आहेत आणि दोघांची उत्तरं वेगवेगळी आहेत. नुसता ऐकणारा रिसीव्हर पकडता येतो का, तर येतो. हे तंत्र जुनं आहे, खरं आहे आणि मी ते कामात वापरतो. पण तुमच्या हॉलचा बंदोबस्त त्याच्या भरवशावर सोडावा का, तर माझ्या मते सोडू नये. वायरलेस सेट दुरुस्त करणं आणि कारखान्यांत, शाळांत, दवाखान्यांत रेडिओचा गोंगाट नेमका कुठून येतोय ते शोधणं हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून जरा सविस्तर सांगतो, म्हणजे विक्रेत्याला काय विचारायचं तेही तुम्हाला कळेल.

आधी रिसीव्हर गळतो, म्हणजे त्याच्यातून रेडिओ ऊर्जा बाहेर निसटते, ती कुठून ते पाहू. बहुतेक रेडिओ सुपरहेट पद्धतीचे असतात. हवेतून आलेला सिग्नल तसाच्या तसा मोठा करण्याऐवजी सेट स्वतःच्या पोटात एक वेगळी फ्रिक्वेन्सी तयार करतो आणि दोघांची मिसळ करून एका ठरावीक, सोयीच्या फ्रिक्वेन्सीवर आणतो. ही ठरावीक फ्रिक्वेन्सी म्हणजे आयएफ. मीडियम वेव्हच्या रेडिओत ती साधारण ४५५ किलोहर्ट्झ असते, एफएममध्ये १०.७ मेगाहर्ट्झ. पोटातली फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग म्हणजे लोकल ऑसिलेटर. जुना ट्रान्झिस्टर उघडला की पत्र्याच्या छोट्या डब्यांतल्या कॉइली दिसतात. पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या गाभ्याच्या आयएफच्या आणि लाल गाभ्याची ऑसिलेटरची. ती लाल कॉइल म्हणजे एक चिमुकला ट्रान्समीटरच आहे. तिचं काम सेटच्या आत आहे, पण थोडी ऊर्जा मिसळ करणाऱ्या भागातून, म्हणजे मिक्सरमधून, उलटी अँटेनाकडे जाते, थोडी वायरींतून आणि सर्किटच्या पट्ट्यांतून बाहेर पडते. म्हणजे रेडिओ ऐकत असताना क्षीण का होईना, बोलतही असतो.

हे तुम्ही आज रात्री घरी करून पाहू शकता. दोन जुने मीडियम वेव्हचे ट्रान्झिस्टर शेजारी ठेवा. दुसऱ्यावर १००० ते १२०० किलोहर्ट्झच्या मधलं एखादं क्षीण स्टेशन लावा, समजा १०४४ वरचं. आता पहिल्याची तबकडी ५८९ च्या आसपास अगदी सावकाश फिरवा. दुसऱ्या रेडिओत बारीक शीळ उठेल, ती जाड होत होत खाली येईल, क्षणभर नाहीशी होईल आणि पुन्हा चढत जाईल. कारण ५८९ अधिक ४५५ म्हणजे १०४४. पहिल्याचा ऑसिलेटर दुसऱ्याच्या स्टेशनवर येऊन बसला. पहिल्याचा आवाज पूर्ण बंद केलात तरी शीळ येतेच, सेट बंद केला की जाते. मग दोघांना हळूहळू लांब न्या. दोन-तीन हातांवर शीळ पुसट होईल आणि बऱ्याच सेटमध्ये खोलीच्या दुसऱ्या टोकाला काहीच उरणार नाही. विक्रेत्याच्या तीस मीटरच्या दाव्याकडे बघण्याआधी एवढा प्रयोग जरूर करा.

एफएमचंही असंच. जुन्या पद्धतीचा सेट ९१ मेगाहर्ट्झला लावला की त्याचा ऑसिलेटर १०१.७ वर चालतो. शेजारच्या सेटवर १०१.७ ला स्टेशन नसेल तर तिथली खरखर एकदम शांत होते. एफएमचा पट्टा ८८ ते १०८, त्यात १०.७ मिळवा : ९८.७ ते ११८.७. आणि १०८ ते ११८ या पट्ट्यात विमानांची दिशादर्शक यंत्रणा काम करते. प्रवाशांनी विमानात एफएम रेडिओ लावू नये असं सांगितलं जायचं त्यामागचं एक मोठं कारण ही गळती होती.

सगळ्यात जास्त गळणारी जात मात्र सुपररीजनरेटिव्ह रिसीव्हरची. अमेरिकन संशोधक आर्मस्ट्राँगने १९२२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही स्वस्तातल्या वायरलेस घंटा, गेटचे रिमोट, खेळणी यांत सर्रास असते. त्यात एकच ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा दोलायमान होतो आणि थांबवला जातो, आणि हे सगळं थेट अँटेनाच्या टोकाशी चालतं. विजापूर रोडकडच्या एका कॉलेजात परीक्षेआधी मी हॉल तपासत होतो. ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास माझ्या यंत्राच्या पडद्यावर एक रुंद, फुगीर उंचवटा दिसत होता आणि तो तासाभरात थोडा सरकलाही. कुणी बटण दाबत नव्हतं, कसलाच सिग्नल जात-येत नव्हता, तरी उंचवटा कायम. हातातल्या लूपने, म्हणजे तारेच्या वेढ्याच्या छोट्या अँटेनाने, मागोवा घेत गेलो तर प्राचार्यांच्या केबिनबाहेर, शिपाईमामांच्या स्टुलामागच्या सॉकेटमध्ये बसवलेली बिनतारी घंटा निघाली. ती चोवीस तास नुसती ऐकत होती, म्हणजे एका अर्थी तुम्ही विचारता तसाच 'काहीच न पाठवणारा' रिसीव्हर. सॉकेटमधून काढल्याबरोबर उंचवटा गेला. तेव्हा हे तंत्र चालतं, याबद्दल शंका ठेवू नका.

याचा इतिहासही तुमच्या प्रश्नाला धरून आहे. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय रेडिओ बाळगणं गुन्हा होता. घरोघरी रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक असायचं आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागायचे. घरातल्या रेडिओसाठीची ही पद्धत ऐंशीच्या दशकात संपली. ब्रिटनमध्ये १९५२ पासून पोस्ट खात्याच्या शोधगाड्या बिनपरवाना टीव्ही शोधत रस्त्यांवरून फिरू लागल्या. त्या टीव्हीच्या आतल्या स्कॅनिंग सर्किटचं चुंबकीय क्षेत्र पकडायच्या, पुढे ऑसिलेटरची गळतीही पकडायला लागल्या. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश गुप्तचर संस्थेतल्या पीटर राइट आणि टोनी सेल यांनी हेच तत्त्व हेरांचे रिसीव्हर शोधायला वापरलं. त्या मोहिमेचं नाव 'राफ्टर'. ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी मिळाली आणि त्या सेटचा आयएफ माहीत असला, की वजाबाकी करून समोरचा नेमकं कोणतं स्टेशन ऐकतोय तेही कळतं.

पण त्यांच्या हाती काय होतं ते लक्षात घ्या. व्हॉल्व्हचे मोठे सेट, छपरावर ताणलेल्या लांब अँटेना, आणि शोधणाऱ्यांकडे गाडी आणि विमानसुद्धा. तुमच्या हॉलमध्ये शर्टाच्या आत दडवलेला काडेपेटीएवढा सेट असणार.

दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट मी हॉल तपासायला बोलावणाऱ्या प्रत्येक संस्थेत सांगतो. जर्मन पाणबुड्यांवर मेटॉक्स नावाचा रिसीव्हर होता, शत्रूच्या विमानातला रडार आपल्यावर रोखलाय का ते ओळखणारा. तो बऱ्यापैकी गळायचा. १९४३ च्या उन्हाळ्यात पाणबुड्या एकामागून एक सापडू लागल्या तेव्हा जर्मन नौदलाने गळतीचा संशय घेतला आणि मेटॉक्स बंद ठेवण्याचा हुकूम काढला. प्रत्यक्षात विमानांवर नवा, साधारण १० सेंटिमीटर तरंगलांबीचा रडार आला होता आणि मेटॉक्सला तो ऐकूच येत नव्हता. गळती खरी होती, मात्र पाणबुड्या सापडत होत्या त्या दुसऱ्याच कारणाने, आणि त्या दुसऱ्या कारणाकडे बघायला उशीर झाला. तुमच्या बाबतीतही हाच धोका मला दिसतो. त्याकडे येतोच, आधी थोडा हिशोब.

समजा लपवलेला सेट एक नॅनोवॅट बाहेर टाकतो, म्हणजे वॅटचा अब्जांश भाग. आमच्या मापात हे उणे ६० डीबीएम. (दर १० डेसिबलला ताकद दहा पट बदलते एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.) १०० मेगाहर्ट्झला मोकळ्या जागेत दहा मीटर जाईपर्यंत त्यातले साधारण ३२ डेसिबल कमी होतात : उणे ९२. सेट अंगाला चिकटून, कपड्यांच्या आत, अँटेना मुडपलेली, म्हणून आणखी २० वजा करू : उणे ११२. आता दुसरी बाजू. बरा रिसीव्हर एक किलोहर्ट्झ रुंदीच्या खिडकीतून, म्हणजे एका वेळी फ्रिक्वेन्सीचा तेवढाच तुकडा, बघत असेल तर त्याचा स्वतःचा गोंगाट उणे १३८ च्या आसपास असतो. पण गावातला विजेचा गोंगाट त्यावर सहज २० डेसिबल चढवतो : उणे ११८. म्हणजे हातात उरले जेमतेम ६ डेसिबल. गड्ड्याच्या यात्रेत लाउडस्पीकरखाली उभं राहून कुणाची कुजबुज ऐकण्यासारखं आहे हे. खिडकी १० किलोहर्ट्झची केली तर सिग्नल गोंगाटाखाली बुडतो, १०० हर्ट्झची केली तर १६ डेसिबल वर उभा राहतो. दहा मीटरऐवजी तीन मीटरवर गेलात तर आणखी दहा मिळतात.

म्हणून या कामात दोनच गोष्टी उपयोगी पडतात : जवळ जाणं, आणि अरुंद खिडकीतून सावकाश बघणं. हातात धरून 'बीप' करणारी स्वस्त यंत्रं नेमकी याच्या उलट वागतात. काही मेगाहर्ट्झपासून काही गिगाहर्ट्झपर्यंत जे येईल ते सगळं एकत्र मोजतात. त्यांना मोबाइल टॉवर, वायफाय, कुणाच्याही खिशातला फोन दिसेल. नॅनोवॅटची एक बारीक रेघ त्यात दिसणं शक्य नाही. विक्रेत्याचं यंत्र त्या जातीचं असेल तर तीस मीटर सोडाच, एका बाकावरूनही नुसता ऐकणारा रिसीव्हर त्याला सापडणार नाही.

आणि सोलापूरचा गोंगाट म्हणाल तर तो जागेवर अवलंबून आहे. पूर्व भागात यंत्रमागांच्या जवळ दिवसा मोजलं आणि तिथेच सुट्टीच्या दिवशी मोजलं तर दोन वेगळी गावं वाटावीत इतका फरक पडतो. एलईडी ट्यूब, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर, सीसीटीव्हीचा डबा, सगळे भर घालतात. त्यामुळे 'अमुक मीटरवरून पकडतं' असा सरसकट आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याने हे काम प्रत्यक्ष केलेलं नाही असं मी समजतो.

मी स्वतः काय वापरतो? संगणकाला जोडायचा एसडीआर डोंगल (संगणकाच्या मदतीने चालणारा छोटा रिसीव्हर), एक साधी अँटेना, आणि कोॲक्स केबलचा हाताने वळलेला छोटा लूप. पडद्यावर वॉटरफॉल, म्हणजे वेळेनुसार खाली सरकत जाणारं फ्रिक्वेन्सीचं चित्र. ऑसिलेटरची गळती तिथे बारीक उभ्या रेघेसारखी दिसते, तिच्यावर ना गाणं असतं ना बोलणं. जुन्या, कॉइलवर चालणाऱ्या सेटची रेघ उष्णतेने हळूहळू वाकते, आणि अँटेनाजवळ हात नेला की हलते. फ्रिक्वेन्सी पक्की धरून ठेवणाऱ्या क्रिस्टलवर बांधलेल्या सेटची रेघ ताठ उभी राहते आणि अगदी नेमक्या आकड्यावर बसते. वॉकीटॉकी बॅटरी वाचवण्यासाठी रिसीव्हर क्षणभर चालू, क्षणभर बंद करत असेल तर रेघेऐवजी ठिपक्यांची माळ दिसते. ही माळ एकदा ओळखीची झाली की विसरत नाही. अशी रेघ दिसली की लूप घेऊन चालायचं. लूप आडवा-उभा फिरवायचा, कारण एकाच दिशेने धरला तर शेजारून जाऊनही हुकतो. एक सावधगिरी : डोंगल हाही रिसीव्हरच आहे. त्याच्या आत बहुधा २८.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि त्याच्या पटींवर पडद्यावर खोट्या रेघा उमटतात. अँटेना काढल्यावरही जी रेघ राहते ती तुमच्याच यंत्रातली.

आता परिस्थितीनुसार बदलणारा भाग. मी वर सांगितलेली १०.७ ची वजाबाकी जुन्या रचनेच्या सेटना लागू पडते. अलीकडच्या एका चिपमधल्या एफएम रेडिओत आयएफ फारच कमी असतो, ऑसिलेटर चिपच्या आतच वेगळ्या, बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि भागाकार करून खाली आणलेला असतो. त्याची गळती नॅनोवॅटच्याही पुष्कळ खाली जाऊ शकते आणि ती कुठे शोधायची तेही त्या चिपवर ठरतं. स्वस्त चिनी वॉकीटॉकीतही बरेचदा अशीच रचना असते. तिथे गळती ऐकण्याच्या चॅनलवरच किंवा त्याला अगदी चिकटून पडते, आणि चॅनलवर कुणी बोलत असेल तर ती त्याच्याखाली झाकली जाते.

एवढं सगळं समजून घेतलं, तरी तुमच्या केंद्रावर प्रत्यक्षात काय येऊ शकतं हा प्रश्न उरतोच आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. कॉपीसाठी विकला जाणारा कानातला बारीक मणी बहुधा रेडिओ नसतोच. गळ्यात, शर्टाच्या आत तारेचा एक वेढा असतो. तो फोनला किंवा छोट्या डबीला जोडलेला असतो. वेढ्यातून आवाजाचाच विद्युतप्रवाह फिरतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि कानातली कॉइल ते उचलते. काही प्रकारांत तर कानात नुसता चिमुकला चुंबक असतो, तो हलून कानाच्या पडद्याला आवाज पोचवतो. त्यात बॅटरी नाही, ऑसिलेटर नाही, गळती नाही. गळती शोधणारं जगातलं सर्वोत्तम यंत्र आणलंत तरी तो मणी त्याला दिसणार नाही.

पण त्या मण्याला पुरवठा करणारी डबी दिसते. ती फोन असेल किंवा सिम घातलेलं यंत्र असेल तर तो नुसता ऐकणारा नव्हेच. कॉल चालू असताना टॉवरशी सतत बोलणं चालू असतं. टू-जीचं यंत्र ९०० मेगाहर्ट्झला झटक्याझटक्याने दोन वॅटपर्यंत जातं. स्पीकरजवळ फोन ठेवल्यावर जी डर्रर्र आवाजाची खरखर यायची ती हीच. ब्लूटूथचं यंत्रही गाणं 'ऐकताना' आलेल्या माहितीच्या प्रत्येक पाकिटाची पोच पाठवतं. ते अगदी एक मिलिवॅट धरलं तरी आपल्या नॅनोवॅटच्या दहा लाख पट आहे. इथे ते साधं बीप यंत्रही उपयोगी पडतं, अट एवढीच की हॉलमधले पर्यवेक्षक, शिपाई, पोलीस यांच्यापैकी कुणाच्याही खिशात चालू फोन नको. ही अट केंद्रांवर बरेचदा पाळली जात नाही आणि मग सगळं शोधकाम वाया जातं.

गळ्यातल्या वेढ्यासाठी माझा एक स्वस्त उपाय आहे आणि तो मला गळतीच्या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. टेलिफोनवरचं बोलणं टेप करायला पूर्वी चिकटवायची पिकअप कॉइल मिळायची. तशी कॉइल, बॅटरीवरचा छोटा ऑडिओ अँप्लिफायर आणि हेडफोन. बाकांच्या रांगेतून चालताना वेढा घातलेल्या माणसापासून हातभर अंतरावर तुम्हाला थेट शब्द ऐकू येतात, 'प्रश्न बारा, पर्याय दोन'. श्रवणयंत्रातली टी-कॉइल याच तत्त्वावर चालते. मर्यादा दोन आहेत. पलीकडचा माणूस बोलत असेल तेव्हाच हे चालतं, आणि पंखे-ट्यूबचा पन्नास हर्ट्झचा हुंकार मध्ये येतो. अँप्लिफायरच्या आत खालचे सूर कापणारा एक कंडेन्सर बसवला की हुंकार बराच कमी होतो. तुमच्या जवळच्या कुठल्याही रेडिओ मेकॅनिककडून हे करून घेता येईल.

नुसता ऐकणारा खरा रेडिओ, म्हणजे एफएम किंवा वॉकीटॉकीचा रिसीव्हर, वापरला जाण्याची शक्यता उरतेच. तिथेही मी आधी रिसीव्हर शोधणार नाही. तो ऐकतोय म्हणजे बाहेरून कुणीतरी बोलतंय. हातातली वॉकीटॉकी पाच वॅटची असते. पाच वॅट आणि एक नॅनोवॅट यांच्यात पाच अब्ज पट फरक आहे. जे पाच अब्ज पट मोठं आहे ते आधी शोधायचं. परीक्षेच्या वेळात इमारतीच्या आसपास, पार्किंगमधल्या गाडीत, समोरच्या लॉजमध्ये किंवा गच्चीवर ट्रान्समीटर असणार. डोंगलवर व्हीएचएफ आणि यूएचएफचे, म्हणजे वॉकीटॉकी चालतात ते, पट्टे लावून एक माणूस कोपऱ्यात बसवला की उत्तरं सांगणारा आवाज त्याला सरळ ऐकू येईल, आणि मग दिशादर्शक अँटेना घेऊन पोलिसांबरोबर त्याच्यापर्यंत जाता येतं. बेकायदा ट्रान्समीटरचा माग काढण्यासाठी दूरसंचार खात्याची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे. पोलिसांमार्फत त्यांच्याकडे तक्रार जाऊ शकते. गळतीच्या मागे लागून खऱ्या कारणाकडे दुर्लक्ष होऊ नये, मेटॉक्सची गोष्ट सांगितली ती यासाठीच.

तुमच्या हॉलमध्ये मी काय करेन ते सांगतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी, परीक्षेच्याच वेळेला, हॉल रिकामा असताना पंखे, ट्यूब, सीसीटीव्ही सगळं चालू ठेवून पूर्ण पट्ट्याची नोंद घेऊन ठेवेन. शेजारच्या घरातला सेटटॉप बॉक्स, ऑफिसातली वायरलेस घंटा, जे जे त्यात दिसेल ते शोधून शक्य तितकं बंद करेन. मग परीक्षेच्या दिवशी उमेदवार बसल्यावर तीच नोंद पुन्हा घ्यायची आणि नवीन काय उगवलं तेवढंच पाहायचं. आदल्या दिवशीची नोंद नसेल तर परीक्षेच्या दिवशी दिसणाऱ्या शेकडो रेघांपैकी कुठली संशयाची हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

जॅमर लावू का, असं तुम्ही पुढे विचारालच. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर विकत घेणं किंवा चालवणं बेकायदा आहे, आणि ही परवानगी खासगी संस्थेला स्वतःहून मिळत नाही. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने ठरवलं तर ती रीतसर परवानगी घेऊन लावेल. शिवाय मोबाइलचा जॅमर वॉकीटॉकी किंवा एफएमला हात लावत नाही. तसंच, संशयित चॅनलवर स्वतः काही बोलून कोण दचकतं ते बघू, असं कुणी सुचवलं तर साफ नकार द्या. परवान्याशिवाय ट्रान्समिट करणं हाही गुन्हाच आहे.

एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. पडद्यावर रेघ दिसली किंवा बीप वाजलं म्हणून कुणाही मुलामुलीला सगळ्यांसमोर उभं करू नका. डिजिटल श्रवणयंत्रातून गळती होते, बऱ्याच श्रवणयंत्रांत ब्लूटूथही असतं. मधुमेही मुलांच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो, तोही ब्लूटूथवर बोलतो. प्रवेशाच्या वेळी ज्यांच्याकडे अशी साधनं आहेत त्यांची कागदपत्रं पाहून नोंद करा, आणि त्यांची जागा पर्यवेक्षकांना माहीत असू द्या. संशय आलाच तर बाजूच्या खोलीत, मुलीसाठी महिला कर्मचारी असताना, शांतपणे तपासणी करा. यंत्र फक्त कुठे बघायचं ते सांगतं. दोषी कोण हे प्रत्यक्ष वस्तू हाती आल्यावरच ठरतं. वर्षभर अभ्यास करून अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या मुलाचा पेपर आपल्या घाईने बुडता कामा नये.

आता विक्रेत्याचं. त्याला पुन्हा बोलवा आणि पैशाचं बोलण्याआधी तुमच्याच हॉलमध्ये चाचणी द्यायला सांगा. बाकांवर वीसेक लोक बसवा, सगळ्यांचे फोन बाहेर ठेवा. एकाच्या खिशात चालू एफएम रेडिओ, आवाज बंद करून, इअरफोनची तार शर्टाच्या आत सोडलेली, कारण तीच त्याची अँटेना. दुसऱ्याच्या खिशात तसाच रेडिओ, पण बंद. बाकीच्यांकडे काही नाही. कुणाकडे काय आहे हे विक्रेत्याला सांगायचं नाही, आणि जागा बदलून हे चार-पाच वेळा करायचं. दर वेळी त्याने चालू रेडिओवाला माणूस दाखवला आणि बंद रेडिओवाल्याला सोडून दिलं, तर यंत्र कोणत्या पट्ट्यात, किती रुंदीच्या खिडकीने बघतं ते लिहून घ्या आणि मला कळवा, पुढचं बघू. चाचणीला तो तयार नसेल, तर त्याच पैशांत दोन डोंगल, एक दिशादर्शक अँटेना, दोन पिकअप कॉइली आणि दारावर तपासणीसाठी हातातले चार मेटल डिटेक्टर घ्या. गळ्यातल्या डबीची बॅटरी त्या मेटल डिटेक्टरला दारातच सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.